सैनिकाचं घर हे बक्षीस नव्हे

माजी सैनिकांच्या घराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक भावनेचा: ज्यांनी सियाचीनमध्ये रात्री काढल्या त्यांना घर काय, मागतील ते द्या, आणि यात हिशेब विचारणारा माणूस कृतघ्न. दुसरा हिशेबाचा: पेन्शन मिळते, कॅन्टीन मिळतं, दवाखाना मिळतो, नोकरीत राखीव जागा मिळतात, आता घरही हवं का? फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोचीतल्या चंदर कुंज या संकुलाचे दोन टॉवर पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, तेव्हाही चर्चा याच दोन सुरांत अडकली. लष्कराच्याच गृहनिर्माण संस्थेने बांधलेल्या, २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या इमारती सहा-सात वर्षांत राहण्यालायक का उरल्या नाहीत, हा खरा प्रश्न होता. पण तो बाजूला पडला आणि सैनिकांना घरं द्यावीत की देऊ नयेत यावर पुन्हा वाद रंगला. ती घरं कुणी दिलेली नव्हतीच, राहणाऱ्यांनी ती स्वतःच्या पैशाने घेतली होती, हे तर फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात, आणि त्यामागचं कारण एकच आहे. दोघेही घराकडे बक्षीस म्हणून बघतात. एकाला ते द्यायचं आहे, दुसऱ्याला वाटतं आधीच पुरेसं दिलंय. माझं म्हणणं असं की सैनिकाला घर बक्षीस म्हणून देऊच नये. फुकट फ्लॅट नको आणि सरकारी जमिनीवरचा प्लॉटही नको. पण माणूस ज्या वयात, ज्या जागी राहून आपलं घर उभं करतो, ते वय आणि ते राहणं सरकार नोकरीची अट म्हणून त्याच्याकडून काढून घेतं. त्यातून होणारं नुकसान भरून देणं हे सरकारवरचं देणं आहे, आणि आज ते नीट फेडलं जात नाही.

हे नुकसान होतं कसं, ते आमच्या सातारा जिल्ह्यात कुठल्याही गावात दिसेल. अपशिंग्यासारखं गाव, जिथून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परतलेच नाहीत आणि जिथे आजही जवळजवळ घरटी एक फौजी आहे, तिथे तर नक्कीच. पोरगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान, हवालदार किंवा सुभेदार झाला तर आणखी काही वर्षांनी, पेन्शनवर येतो. मधल्या काळात दर दोन-तीन वर्षांनी बदली, फील्डची पोस्टिंग असेल तर कुटुंब सोबत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, क्वार्टर मिळतं, पण रांगेत थांबून, आणि सगळ्यांना मिळेल असंही नाही. ही टंचाई इतकी जुनी की २००२ मध्ये केंद्राला विवाहित निवासांचा वेगळा प्रकल्प काढून सुमारे दोन लाख घरं बांधायचं ठरवावं लागलं. मग बायको-मुलं गावी राहतात आणि पगार गावी येतो. त्या पगारातून जुन्या घरावर स्लॅब पडतो, मागे दोन खोल्या निघतात, बोअर मारली जाते. सगळं वडिलांच्या नावावर, कारण घर वडिलांचं. वडील गेले की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, थोरल्या भावाचं नाव लागतं, कारण घरपट्टी तो भरतो आणि ग्रामसेवकाच्या समोर तोच असतो. पंधरा-वीस वर्षांनी फौजी परततो तेव्हा ज्या घरात त्याचा सगळा पगार गेला, त्यात त्याच्या वाट्याला एक खोली येते, आणि ती मागताना तोच वाईट ठरतो. यात भाऊ खलनायक असतोच असं नाही. आई-बाप त्याने सांभाळलेले असतात, शेती त्याने केलेली असते. चूक असते ती दोघांपैकी एकाने सगळी वर्षं गावाबाहेर काढली या परिस्थितीत, आणि ती परिस्थिती सरकारने निर्माण केलेली असते.

गावाबाहेर असण्याची ही किंमत कायद्याला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. इंग्रजांनी १९२५ मध्ये सैनिकांच्या दाव्यांसाठी खास कायदा केला. युद्धाच्या किंवा तशाच खडतर परिस्थितीत नोकरीवर असलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या पाठीमागे दिवाणी किंवा महसुली दावा रेटला जाऊ नये, तो परत येईपर्यंत काम तहकूब राहावं, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २३ तर थेट घराबद्दलच आहे. सैन्यातल्या माणसाने आपली जागा भाड्याने दिली असेल आणि निवृत्त झाल्यावर त्याला ती राहायला हवी असेल, तर त्याच्या अधिकाऱ्याचा दाखला पुरेसा मानून जागा परत मिळण्याची सोय त्यात आहे. सैनिक गेला तर त्याच्या मागे राहिलेल्यांनाही हा आधार आहे. भाडेकरूंना इतकं घट्ट संरक्षण देणाऱ्या राज्याने हा अपवाद कशासाठी केला? सैनिकावर मेहेरबानी म्हणून? हा माणूस स्वतःच्या घरात राहिला नाही याचं कारण त्याची मर्जी नव्हती, आमचा हुकूम होता, हे राज्याने तिथे लेखी मान्य केलेलं आहे. मी जे मागतो आहे ते याच मान्यतेचं पुढचं पाऊल आहे. अडचण अशी की हे कलम ज्याच्याकडे आधीच मालकीची जागा आहे त्याच्याच कामाचं. ज्याच्याकडे घर नाही, किंवा आहे पण कागदावर नाही, त्याच्यासाठी कायद्यात ओळही नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ. तो कॅन्टीनचा नाही. तो असा: पेन्शन हीच ती भरपाई आहे. बाकीच्या जगाला साठीत जे मिळतं ते सैनिकाला चाळिशीच्या आत सुरू होतं. जुलै २०१४ पासून समान पद-समान निवृत्तिवेतन लागू झालं, त्याला वेतन आयोगांची जोड आहे. शिवाय २००५ नंतर रुजू झालेल्या राज्य सरकारी शिक्षकाला किंवा कारकुनाला जुनी पेन्शन उरली नाही, सैनिकाची तेव्हा शाबूत राहिली. मग पैसे दिलेत, आता घर बांधायचं, घ्यायचं की भाड्याने राहायचं ते त्याचं तो ठरवील. यातला बराचसा भाग मला मान्य आहे. वस्तूपेक्षा पैसा बरा, आणि शहाण्या माणसाला कुठे राहायचं हे सरकारने शिकवू नये. पण पेन्शनचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. घरासाठी एकरकमी पैसा लागतो, म्हणून जवान निवृत्त होतानाच पेन्शनचा मोठा भाग विकतो. सैन्यात निम्म्या पेन्शनपर्यंत असं कम्युटेशन करता येतं, आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. अडतिसाव्या वर्षी घर बांधणाऱ्याची पेन्शन मग त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कापून येते. मुलांची दहावी, बारावी, कॉलेज आणि लग्न याच वर्षांत असतात. म्हणजे कागदावर जी भरपाई सुरू झाली ती घराने गिळलेली असते, आणि फौजी कुठल्यातरी एजन्सीमार्फत सोसायटीच्या गेटवर बारा तासांच्या ड्युटीला उभा असतो. त्याच वेळी ही कापलेली पेन्शनसुद्धा त्याला घरकुल योजनेतून बाहेर ठेवायला पुरेशी ठरते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात महिना पंधरा हजारांहून जास्त कमावणारं माणूस कुटुंबात असलं की यादीतून नाव जातं. बँकेच्या लेखी तो चाळिशीतला, नव्या नोकरीची खात्री नसलेला कर्जदार. घरकुलासाठी श्रीमंत, बिल्डरसाठी गरीब, अशा मधल्या पट्टीत तो सापडतो. ही मधली पट्टी देशभरच आहे आणि तिच्यात फौजी एकटा नाही, हेही खरं. फरक एवढाच की बाकीच्यांना तिच्यातून वर यायला वीस वर्षं मिळतात, आणि त्याची ती वीस वर्षं आपण वापरून घेतलेली असतात.

दुसरा मुद्दा: तो स्वखुशीने गेला, कुणी ओढून नेलं नाही. बरोबर. पण करारात दोन बाजू असतात. त्याने सही केली तशी सरकारनेही केली, आणि नोकरीच्या अटींचा भार करार न केलेल्यांवरही पडतो. दुसरीपर्यंत झाशीत, चौथीपर्यंत जोधपूरला आणि पाचवीला एकदम गावच्या शाळेत आलेल्या मुलीने कुठल्या कागदावर सही केली होती? निवृत्तीनंतर क्वार्टर काही महिन्यांत रिकामं करावं लागतं. निवृत्तीची तारीख शाळेचं वर्ष बघून येत नाही. या एका गोष्टीसाठी ना जमीन लागते ना मोठा निधी: ज्याच्या घरात शिकणारी मुलं आहेत त्याला शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत क्वार्टर ठेवू देण्याचा सरसकट हक्क. रांगेतल्या दुसऱ्या कुटुंबाला त्यामुळे थांबावं लागेल हे मला कळतं. त्या कुटुंबाला तेवढ्या काळाचं घरभाडं द्या. खर्च आहे, पण मोजता येईल असा आहे.

मग विचारलं जातं: सैनिकच का? पोलीस का नाहीत, आशा सेविका का नाहीत, गिरणी कामगार का नाहीत? हा प्रश्न गप्प करण्यासाठी विचारला जातो, पण त्याचं खरं उत्तर देता येतं. पोलिसांना हे तत्त्व तंतोतंत लागू होतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या पोलीस कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सेवानिवासात काढल्या. पुनर्विकास आला तेव्हा त्यांच्या घराची किंमत आधी पन्नास लाख सांगितली गेली आणि ओरड झाल्यावर २०२२ मध्ये पंधरा लाखांवर आली. नोकरीला बांधलेलं घर नोकरीबरोबर संपतं, आणि मधल्या काळात शहर हाताबाहेर महाग झालेलं असतं, ही तीच गोष्ट आहे. तत्त्व सैनिकाबरोबर पोलिसालाही लागू होतं हा त्या तत्त्वाचा दोष कसा? उलट तेच त्याच्या खरेपणाचं लक्षण आहे. गिरणी कामगारांचा दावा वेगळ्या पायावर उभा आहे, आणि तो सैनिकापेक्षा कमी नाही: ज्या जमिनीवर त्यांनी घाम गाळला तिचे टॉवर झाले, आणि १९८२ च्या संपानंतर दीड लाखाहून अधिक कुटुंबं घराच्या अर्जांवर थांबली. आशा सेविकेची पहिली मागणी वेतनाची आहे आणि ती मान्य व्हायला हवी. पण गिरणी कामगारांच्या इतिहासातून सैनिकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक धडा नक्की घ्यावा. घर नावाच्या वस्तूचं वचन दिलं की वर्षं सरतात, वारस अर्ज करू लागतात, आणि शेवटी मुंबईतल्या माणसाला मुंबईपासून लांबच्या शेलू-वांगणीचा पत्ता दाखवला जातो.

जमिनीचा आणि फ्लॅटचा मार्ग मला का नको, हे यावरून कळेल. शिवाय 'आदर्श' आपण विसरलेलो नाही. कुलाब्यातली ती एकतीस मजली इमारत कारगिलच्या वीरांसाठी आणि विधवांसाठी होती असं वर्षानुवर्षं बोललं गेलं. राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाने पुढे सांगितलं की जागा राज्य सरकारची होती आणि कारगिलसाठी राखीव वगैरे नव्हती. पण सैनिकाचं नाव लावलं की परवानग्यांची दारं कशी उघडतात, हे तिने दाखवून दिलंच. मोठे लष्करी अधिकारी, सनदी अधिकारी, राजकारण्यांचे नातलग आत आले, आयोगाला पंचवीस सदस्य अपात्र आढळले, २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडायला सांगितली, ज्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. या सगळ्यात एखाद्या शिपायाच्या बायकोला काय मिळालं? काहीच नाही. मोक्याची जमीन आणि सैनिकाचं नाव एकत्र आले की लाभ वरच्या पायरीवरच अडतो. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी पाच टक्के आणि शहीद वा जखमी सैनिकांच्या कुटुंबांसाठी दोन टक्के घरं राखीव असतात. पण राखीव म्हणजे स्वस्त नव्हे. मुंबईतल्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ऐकून हवालदार मागे फिरतो. ब्रिटनने हाच अनुभव शंभर वर्षांपूर्वी घेतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी वीरांना राहण्याजोगा देश करण्याचं वचन दिलं, १९१९ च्या कायद्याने तीन वर्षांत पाच लाख घरांचा संकल्प सोडला, १९२१ मध्ये पैशाचं कारण सांगून हात आखडता घेतला. निम्मीसुद्धा घरं झाली नाहीत. जी झाली ती चांगली होती, पण त्यांचं भाडं खंदकातून परतलेल्या मजुराला झेपणारं नव्हतं.

आपल्या स्वतःच्या इतिहासात याहून जुना दाखला आहे. शिवाजी महाराजांनी लष्कराला शक्यतो रोख वेतन दिलं, नवीन वतनं देण्याचं टाळलं. राजाराम महाराजांच्या कठीण काळात सरदार टिकवण्यासाठी वतनं आणि सरंजाम देणं भाग पडलं, आणि रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात पुढच्यांना बजावून ठेवलं की वृत्ती, म्हणजे वतनं, देऊन जमीन हातची घालवू नये. त्यामागचा विचार आजही खरा आहे. जमीन एकदाच देता येते, आणि ती ज्याला मिळते त्याच्या नातवाला मिळतेच, पुढच्या सैनिकाला मिळत नाही. आज तर गावात द्यायला जमीन आहे कुठे? गायरानांबाबत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यानंतर राज्याने गायरानं वाटणं थांबवलं, ते योग्यच झालं. गावच्या गुरांचं रान काढून फौजीला प्लॉट द्या, असं म्हणणाऱ्यांनी धनगराच्या आणि भूमिहीनाच्या डोळ्याला डोळा भिडवून ते म्हणावं.

ज्यांना जमीन दिली गेली त्यांची गतही पाहण्यासारखी आहे. शासनाने दिलेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते. विकायला, गहाण टाकायला, कधी वापर बदलायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो, आणि चुकलं तर शर्तभंगाची नोटीस. २०१८ मध्ये राज्याने शहीदांच्या वारसांना दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याचं ठरवलं. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण तिशीच्या आत विधवा झालेल्या, पदरी लहान मूल असलेल्या बाईला आधी काय हवं असतं? सासरच्या घरात हक्काने राहता येईल की नाही, हे तिला त्या आठवड्यात कळायला हवं असतं. त्याऐवजी तिला तलाठी, मंडल अधिकारी आणि तहसील यांच्या चकरा असलेली, वस्तीपासून लांबची जमीन दाखवली जाते, जी ती एकटी कसू शकत नाही आणि विकूही शकत नाही. याच बाईला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून एक माणूस मिळाला, जो राहत्या घराचा उतारा काढील, वारसनोंद लावील, वाटणीचा प्रश्न उठलाच तर वकील उभा करील, तर तिला त्या दोन हेक्टरांहून जास्त मिळेल. १९२५ च्या कायद्याने सैनिकाविरुद्धचा दावा थांबवला. सैनिकाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या घरावर त्याचं नाव चढवण्याचं काम मात्र कुणी कुणाला सोपवलेलं नाही. २०२० मध्ये राज्याने माजी सैनिक आणि सैनिक विधवांच्या एका घराचा मालमत्ता कर माफ केला. चांगली गोष्ट, पण करमाफी मिळायला घर आधी त्याच्या नावावर लागतं.

पैसा द्या आणि बाजूला व्हा, या म्हणण्याचं सर्वांत मोठं अपयश याहून वेगळ्या जागी आहे, आणि महाराष्ट्राने ते सगळ्यांच्या आधी पाहिलेलं आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाले. पेन्शन होती, हुद्दा होता, शिक्षण होतं, शिस्त होती. कुटुंब आधी दापोलीत आलं, तिथल्या कॅम्पात निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. पुढे ते साताऱ्याला गेलं. सुभेदार नोकरीसाठी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला असताना १९०१ मध्ये त्यांची मुलं त्यांना भेटायला निघाली. इस्त्री केलेल्या कपड्यांतल्या त्या मुलांची जात कळल्यावर मसूर स्टेशनवर एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, एकजण तयार झाला. त्या मुलांपैकी एक भीमराव. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानाच्या सेवेत गेले, तर शहरात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. वडिलांची पेन्शन किंवा मुलाचा पगार यातलं काहीच कमी पडलं नव्हतं. छावणीत हुद्द्याला जी किंमत होती ती छावणीच्या फाटकाबाहेर उरत नव्हती, आणि घर तर फाटकाबाहेरच शोधायचं असतं.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९४४ च्या कायद्याने परतणाऱ्या सैनिकांना घर दिलं नाही, घराच्या कर्जाला सरकारी हमी दिली. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो: सरकार बिल्डर झालं नाही, जमीन वाटली नाही, आणि लाखो साध्या शिपायांना अनामत रकमेशिवाय घरं घेता आली. पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणं स्थानिक बँकांच्या हातात राहिलं. मिसिसिपीतल्या तेरा शहरांच्या १९४७ च्या पाहणीत अशा हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली कर्जं होती दोन. एकाच युद्धातून, एकाच गणवेशात परतलेली माणसं होती ती. म्हणून हमी योजना आपल्याकडे आणायची तर ती आणताना आपण कुठे राहतो हे विसरता येणार नाही. आजही पुण्या-मुंबईत भाड्याने घर देताना आडनाव विचारलं जातं, मुसलमान फौजीला तर दलाल परस्पर दुसरा भाग सुचवतो. वानवडी, धानोरी, भिंगार, देवळाली अशा छावणीलगतच्या भागांतच फौजी कुटुंबं दाटीने का राहतात? दवाखाना आणि कॅन्टीन जवळ, हे कारण खरंच आहे. पण तिथे शेजारी आधी रेजिमेंट विचारतो, हेही कारण लहान नाही. म्हणून छावणीच्या शहरांत सैनिक कल्याण विभागाने स्वतः चालवलेली भाड्याची घरं हवीत, मालकीची मुळीच नव्हेत, दोन-तीन वर्षं राहून पुढच्याला सोडण्याची. माणूस निवृत्त झाल्यावर कुठे नोकरी लागते, मुलं कुठे शिकतात ते बघून मग कायमचं ठरवील. खडकीला १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्याला व्हीलचेअर आत जाईल एवढ्या रुंदीच्या न्हाणीघराचं भाड्याचं घर शहरात शोधायला सांगून पाहा. बाजारात पैसे मोजूनही ते मिळत नाही, कारण ते कुणी बांधतच नाही.

कोचीकडे परत येतो, कारण तिथला धडा अजून कुणी नीट वाचलेला नाही. लष्कराची ती गृहनिर्माण संस्था १९७८ पासून ना नफा ना तोटा तत्त्वावर चालते, घरं सभासदांच्याच पैशाने बांधते. हेतू चांगला, पैसा ग्राहकाचा, तरी इमारत सहा-सात वर्षांत पाडायची वेळ आली. घर घेणारी सामान्य माणसं रविवारी साइटवर जातात, वीट हातात घेऊन बघतात, सुपरवायझरशी भांडतात. तवांगला बसलेला माणूस हप्ते भरतो, आणि फाउंडेशनमध्ये काय पडलं ते त्याला कधीच दिसत नाही. खासगी बिल्डरकडे तर याहून वाईट अवस्था. २०१७ पासून बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा प्राधिकरण आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, पण बांधकाम डोळ्यांनी पाहण्याची जागा कुठलीही वेबसाइट भरून काढत नाही. सैनिकांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पावर, मग तो लष्करी संस्थेचा असो की खासगी, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून टप्प्याटप्प्याने तपासणी सक्तीची का नसावी? खर्चाच्या मानाने ही गोष्ट किरकोळ आहे, आणि गैरहजर ग्राहकाला तिच्याइतकी गरज दुसऱ्या कशाचीच नाही.

अग्निवीरांना यात धरायचं का, असं कुणी विचारील. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत चार वर्षांनी पंचवीस टक्के मुलं कायम होतात, बाकीची सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन, पेन्शनशिवाय घरी येतात. भावनेचा सूर लावणारे त्यांनाही घर द्या म्हणतील. माझं मत तसं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाची घर बांधायची वर्षं गेलेली नाहीत, ती अजून पुढे आहेत. त्याला हवी आहे ती शहरात नोकरी शोधताना किंवा पुढचं शिक्षण घेताना राहायला स्वस्त खोली, नाहीतर सेवा निधी पुण्यातल्या कॉट बेसिसच्या भाड्यात आणि क्लासच्या फीमध्ये विरून जाईल. महाराष्ट्रात सैनिकांच्या मुला-मुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहं आहेत, सैनिक विश्रामगृहं आहेत. त्यांतल्या काही खोल्या या मुलांसाठी वर्षभराच्या मुदतीने राखून ठेवता येतील. पहिली तुकडी डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली होती, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ सरता सरता पुरी होतात. खोल्यांचा निर्णय त्याआधी झाला तरच त्या मुलांच्या उपयोगाचा.